दोनदा लागण, नमुना एकच : सातारा जिल्ह्यातील एका शिक्षकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यातले एक गाव. प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर आणि आरटीपीसीआर करणारी प्रयोगशाळा दीड तासाच्या अंतरावर. रुग्ण ४७ वर्षांचे माध्यमिक शिक्षक. गाव त्यांना ‘सर’ म्हणते, इथेही तेच म्हणू. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू नाही. घरात पत्नी (४३) आणि बारावीतला मुलगा. ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही तपशील बदलले आहेत.

पहिली लागण सप्टेंबर २०२० मधली. त्या महिन्याच्या १५ तारखेला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली होती आणि घरोघरी ताप व ऑक्सिजन मोजणाऱ्या पथकात सर होते. आठवडाभरात त्यांना ताप आला आणि वास गेला. २४ सप्टेंबरचा स्वॅब पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू २४ (हा आरटीपीसीआरचा आकडा, जितका लहान तितका नमुन्यात विषाणू जास्त). कोविड केअर सेंटरमध्ये सात दिवस राहून ते घरी परतले. मे २०२० पासूनच्या डिस्चार्ज धोरणानुसार सौम्य रुग्णाला घरी सोडताना पुन्हा चाचणी करायची नव्हती, त्यामुळे ‘निगेटिव्ह झाल्याचा’ कागद तेव्हा मिळाला नाही. पत्नी आणि मुलगा त्या वेळी निगेटिव्ह होते.

निगेटिव्हचा कागद दोन महिन्यांनी वेगळ्याच वाटेने आला. राज्यात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडायचे ठरले आणि त्याआधी शिक्षकांची आरटीपीसीआर सक्तीची झाली. सरांचा अहवाल निगेटिव्ह आला. शाळेच्या फाइलमध्ये तो लावून ठेवला गेला म्हणून पाच महिन्यांनी सापडला. पुढे सगळे प्रकरण या एका कागदावर उभे राहिले.

१ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. सरांनी ७ एप्रिलला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. रात्री अंग दुखले, सकाळी बरे वाटले. १३ एप्रिलला गुढीपाडवा. पुण्याहून धाकटा भाऊ सहकुटुंब आला, दुपारची पंगत माजघरात एकत्र बसली. भावाला घशात खवखव होती. १७ तारखेला सरांना ताप भरला, १९ ला स्वॅब दिला आणि २१ ला अहवाल आला : पॉझिटिव्ह, ई जनुकाची सीटी १९, ओआरएफची २१. पहिल्या पॉझिटिव्ह नमुन्यापासून २०७ दिवस झाले होते.

समस्या

प्राथमिक आरोग्य केंद्रापुढे एकाच वेळी तीन प्रश्न उभे राहिले आणि त्यांची गुंतागुंत झाली.

पहिला प्रश्न वैद्यकीय. ही खरोखर नवी लागण आहे, की जुन्या विषाणूचे अवशेष अजून नाका-घशात सापडत आहेत? बरे झाल्यावरही काही जणांच्या स्वॅबमध्ये विषाणूचे आरएनए आठवडेच्या आठवडे मिळत राहते. ते जिवंत विषाणूचे असेलच असे नाही.

दुसरा प्रश्न गावाचा. २२ एप्रिलच्या सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सरांना लस घेतली आणि कोरोना झाला’ असा निरोप फिरला. एका आजीने आशाताईंना दारातच विचारले, “पोरी, धडधाकट माणूस होता. सुई टोचली आणि दहाव्या दिवशी अंथरूण धरलं. आता आम्ही कशाला यायचं?” प्रश्न चुकीचा नव्हता. क्रम तिने बरोबर पाहिला होता, फक्त त्यामागचे खरे कारण तिला माहीत नव्हते.

तिसरा प्रश्न गावापलीकडचा, पण तोच सर्वांत मोठा. एकदा आजार होऊन गेलेल्या माणसाला सात महिन्यांत तो पुन्हा होत असेल, तर शरीराची आठवण किती टिकते? आणि लस जी आठवण करून देते ती किती टिकेल? पुन्हा लागण दोन कारणांनी होऊ शकते. एक, प्रतिकारशक्ती काळाने ओसरली. दोन, विषाणूने रूप पालटले आणि जुन्या प्रतिपिंडांना (अँटीबॉडींना) तो नीट ओळखू येईना. लस बनवणाऱ्यांसाठी ही दोन उत्तरे दोन वेगळ्या वाटांना नेतात. शक्ती ओसरत असेल तर तीच लस ठरावीक काळाने पुन्हा द्यायची. रूप पालटत असेल तर लशीतला घटकच बदलायचा. रुग्णाकडे नुसते बघून यातले काहीच सांगता येत नाही.

पडताळलेल्या शक्यता

‘लशीमुळे पॉझिटिव्ह’ ही शक्यता आधी निकाली काढली, कारण गावाला ती सर्वांत खरी वाटत होती. कोविशिल्डमध्ये कोरोना विषाणू नसतो. चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या अ‍ॅडिनोव्हायरसमध्ये स्पाइक प्रथिनाचे, म्हणजे कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्यांचे, जनुक बसवलेले असते. प्रयोगशाळेचे किट ई आणि ओआरएफ ही जनुके शोधत होते आणि ती या लशीत नाहीतच. शिवाय टोचणी दंडात, स्वॅब नाकातला. कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण विषाणू असतो, पण मारलेला. तो घशात वाढू शकत नाही.

जुन्या अवशेषांची शक्यता जास्त गांभीर्याने घ्यावी लागली. अवशेष असतील तर सीटी बहुधा ३३ च्या वर, कडेकडेने येते. इथे ती १९ होती. सीटीतला साधारण ३.३ चा फरक म्हणजे विषाणूच्या आरएनएत दहापट फरक. १९ आणि ३३ यांत १४ चा फरक, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक. सात महिन्यांपूर्वीचे अवशेष इतके असणे शक्य नाही. त्यात ताप नवा, संपर्क स्पष्ट, आणि पुण्याला परतलेला भाऊ १८ तारखेला पॉझिटिव्ह आलेला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, साथरोगाच्या दृष्टीने पुनर्संसर्गाची व्याख्या अशी केली होती : दोन पॉझिटिव्ह चाचण्यांत किमान १०२ दिवसांचे अंतर आणि मध्ये एक निगेटिव्ह चाचणी. या व्याख्येने त्यांनी १,३०० व्यक्तींच्या नोंदी तपासल्या तेव्हा ५८ जण, म्हणजे ४.५ टक्के, तीत बसले. सर दोन्ही अटींत बसत होते. मात्र दुसरी अट शाळा उघडण्याच्या नियमामुळे योगायोगाने पूर्ण झाली होती, हे ध्यानात घ्यावे. त्याच गावातला एखादा शेतकरी सप्टेंबरमध्ये आजारी पडून एप्रिलमध्ये पुन्हा पडला असता, तर मधली निगेटिव्ह चाचणी त्याच्याकडे नसती आणि तो मोजला गेला नसता. नोंदींवरून काढलेला पुनर्संसर्गाचा आकडा वाचताना ही त्रुटी विसरून चालत नाही.

व्याख्येत बसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. सिद्ध करायचे तर दोन्ही वेळच्या विषाणूंचा जनुकीय क्रम लावून ते वेगळ्या कुळातले असल्याचे दाखवावे लागते. जगातली अशी पहिली पक्की नोंद ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगमधून आली. ३३ वर्षांचा पुरुष, दोन लागणींत १४२ दिवस, दुसऱ्या वेळी लक्षण एकही नाही, विमानतळावरच्या तपासणीत सापडलेला. पहिल्या वेळचा नमुना जपून ठेवलेला होता म्हणून दोन्ही क्रम शेजारी ठेवता आले.

घेतलेले निर्णय

पहिला निर्णय : सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकीय क्रम लावायला, नमुना पाठवायचा का?

एप्रिल २०२१ मध्ये प्रयोगशाळांवर इतका ताण होता की अहवाल वेळेवर मिळणे हीच मोठी गोष्ट. अशा वेळी ‘एक जास्तीची कुपी बाजूला काढा’ म्हणणे सोपे नव्हते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा सर्वेक्षण कक्षाला कळवले. डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रयोगशाळा जोडून विषाणूचे जनुकीय क्रम लावणारे इन्साकॉग हे जाळे उभे राहिले होते. त्यात पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र दोन्ही होत्या. सीटी २५ च्या आतला नमुना चालत होता, कारण त्यापेक्षा विरळ नमुन्यातून पूर्ण क्रम जुळवताना मध्ये मध्ये भगदाडे राहतात. सरांचा नमुना १९ चा, म्हणजे उत्तम.

नमुना द्रवातल्या ट्यूबमध्ये, ज्याला प्रयोगशाळेत व्हीटीएम म्हणतात, २ ते ८ अंशांवर होता. तो काही दिवसच चालतो. २२ तारखेला निरोप गेला तेव्हा तीन दिवस उलटले होते आणि ट्यूब त्या संध्याकाळी नष्ट करायच्या पिवळ्या पिशवीत जाणार होती. तंत्रज्ञाने ती काढून दोन छोट्या कुप्यांत विभागली. एक उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवली, दुसरी तिहेरी वेष्टनात बर्फाच्या पिशव्यांसह पुण्याला गेली. कुपीवर रुग्णाचा क्रमांक, नमुन्याची तारीख आणि ‘पुनर्संसर्ग, एक डोस’ एवढे लिहिले. डोसची तारीख लिहायची राहिली, ती नंतर फोनवर दिली.

मग पहिल्या वेळच्या नमुन्याचा शोध सुरू झाला. तो ऑक्टोबर २०२० मध्येच नष्ट झालेला. यात कोणाची चूक काढता येणार नाही. जागा नव्हती आणि ठेवा असे कोणी सांगितलेही नव्हते. जुनी नोंद सापडायलाही एक दिवस गेला, कारण सप्टेंबरमध्ये अर्जावर पत्नीचा मोबाइल नंबर होता आणि एप्रिलमध्ये सरांचा. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे रुग्ण होते.

दुसरा निर्णय : रक्ताची कोणती चाचणी?

इथे चूक होता होता टळली. तालुक्याच्या गावातल्या खासगी लॅबने ‘अँटीबॉडी टेस्ट’ म्हणून स्पाइकविरोधी प्रतिपिंडांची चाचणी पुढे केली. त्या महिन्यात लस ‘लागली का’ हे बघायला बरेच लोक तीच करून घेत होते. सरांच्या बाबतीत ती निरुपयोगी होती. स्पाइकचे प्रतिपिंड पहिल्या आजारानेही येतात आणि कोविशिल्डनेही, आकडा कितीही आला तरी तो कोणाचा हे कळत नाही. हवी होती न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरोधी, म्हणजे ‘एन’ प्रतिपिंडांची चाचणी. कोविशिल्डमध्ये एन प्रथिन नाही. त्यामुळे एन प्रतिपिंड सापडले तर ते खऱ्या लागणीचेच.

ही युक्ती कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना लागू पडत नाही, कारण त्या लशीत संपूर्ण विषाणू असल्याने एन प्रतिपिंड लशीनेही तयार होतात. विषाणू संस्थेने बनवलेली कोविड कवच एलायझा चाचणीही संपूर्ण विषाणूवर आधारलेली आहे. सर्वेक्षणासाठी ती चांगली, पण लस आणि लागण वेगळी करायला उपयोगाची नाही. प्रश्न काय आहे ते ठरवल्यावर चाचणी निवडायची असते.

२२ एप्रिलला, आजाराच्या सहाव्या दिवशी, साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये पाच मिलिलिटर रक्त घेतले, गोठू दिले, सीरम वेगळे केले. अर्धे चाचणीला, अर्धे उणे २० वर. एन प्रतिपिंड ६.२ (१ च्या वर पॉझिटिव्ह). १५ मे रोजी त्याच लॅबमध्ये, त्याच कंपनीच्या किटवर दुसरी चाचणी झाली, तेव्हा आकडा १४० च्या घरात. किट बदलले असते तर हे दोन आकडे शेजारी ठेवता आले नसते. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसात सहाव्या दिवशी एन प्रतिपिंड सहसा दिसत नाहीत, म्हणजे ६.२ हे मुख्यतः सप्टेंबरचे देणे. पण जुनी स्मृती जागी होऊन तोवर थोडी वाढ सुरू झालेली असू शकते, म्हणून त्याला ‘आधीची पातळी’ म्हणता येत नाही.

तिसरा निर्णय : उपचार किती?

त्या दिवसांत ताप आला की छातीचा एचआरसीटी स्कॅन आणि त्यावरून फुप्फुसाचा स्कोअर, ही रीत पडली होती. सरांचा भाऊ पुण्याहून फोनवर ‘आधी स्कॅन करा’ म्हणत होता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नाही म्हटले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऑक्सिजन ९६-९७ असताना स्कॅनने उपचार बदलत नाहीत. पॅरासिटामॉल, पाणी, दिवसातून चार वेळा ऑक्सिजनची नोंद, गृहविलगीकरण. ताप तीन दिवसांत उतरला, ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही. हा निर्णय बरोबर ठरला.

पण घरात ऑक्सिमीटर एकच होता आणि तो सरांच्या उशाशी होता. ‘दुसऱ्यांदा झालाय, जपायला हवं’ म्हणून सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. पत्नीला २० तारखेला ताप आला, २२ चा स्वॅब पॉझिटिव्ह, सीटी २७. तिला आधी कधी लागण नव्हती. वयामुळे लशीलाही ती पात्र नव्हती. ती स्वयंपाक करत होती, काढे देत होती, म्हणून ती बरी आहे असे सर्वांनी धरले. आजाराच्या आठव्या दिवशी, २७ ला संध्याकाळी, आशाताईंनी तिला अंगणात सहा मिनिटे चालवले. चालण्याआधी ९५, नंतर ९०. रात्रीच कोविड हेल्थ सेंटरमध्ये दाखल केले. मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन, डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम. अकरा दिवसांनी ती घरी आली. पाचव्या दिवसापासून रोज चालवून पाहिले असते तर एक-दोन दिवस आधी समजले असते. ज्याला कधीच लागण झालेली नाही आणि लसही नाही, घरात धोका त्याला अधिक असतो. ऑक्सिमीटर तिच्या बोटाला हवा होता.

चौथा निर्णय : गावाला काय सांगायचे?

२३ एप्रिलला उपकेंद्रात लसीकरणाचे सत्र होते. साठ जणांनी नावे दिली होती, आले चौदा. कोविशिल्डच्या कुपीत दहा डोस, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर, आणि उघडल्यावर चार तासांत ती संपवायची. दहा जणांची एक कुपी झाली. उरलेल्या चौघांसाठी दुसरी उघडायची की त्यांना परत पाठवायचे? राज्यात लशीचा तुटवडा होता, एकेक डोस मोलाचा. आरोग्यसेविकेने उघडायचे ठरवले, कारण भीती बाजूला सारून आलेल्या माणसाला माघारी धाडले तर तो पुन्हा येत नाही. फोनाफोनी करून वाडीवरचे दोघे आणखी आले. चार डोस वाया गेले. तरीही निर्णय योग्य होता असे आमचे मत आहे.

सुरुवातीला लोकांना ‘एका डोसाने काही होत नसते’ असे सांगितले गेले. वाक्य बिनचूक नाही आणि परिणाम उलटा झाला : काही होत नसेल तर घ्यायचा कशाला? काही दिवसांनी आशाताईंनी सरांच्या घरचे भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले. एप्रिलच्या पानावर त्यांनी तीन खुणा केल्या. ७ ला सुई, १३ ला गुढी, १७ ला ताप. ७ आणि १३ मधले सहा दिवस पेनने गोल केले. “लशीला अंग तयार करायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधीच पाडव्याला पाहुण्यांबरोबर आजार घरात आला. आणि बघा, सुई न घेतलेल्या वहिनींनाच ऑक्सिजन लागला.” शेवटचे वाक्य त्यांनी सरांच्या पत्नीला विचारून वापरले. पुढच्या सत्राला अठ्ठेचाळीस जण आले.

पाचवा निर्णय : दुसरा डोस कधी?

नियम आजारापेक्षा वेगाने बदलत होते. सरांनी पहिला डोस घेतला तेव्हा दोन डोसांत सहा ते आठ आठवडे होते. १३ मे २०२१ ला ते बारा ते सोळा झाले. १९ मे ला आणखी एक नियम : डोसानंतर लागण झाली तर बरे झाल्यावर तीन महिने थांबायचे. पहिल्या नियमाने ३० जून ते २८ जुलै हा काळ येत होता, दुसऱ्याने २७ जुलैच्या आधी नाही. दोन्ही पाळायचे तर हातात दोनच दिवस. त्यात २२ जुलैपासून अतिवृष्टी झाली, पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, रस्ते तुटले. दुसरा डोस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झाला. सोळा आठवडे ओलांडल्याने लस वाया जात नाही. अशा वेळी नव्याने दोन डोस मागणारे लोक तेव्हा भेटत, त्यांना हे सांगावे लागे.

काय निष्पन्न झाले

सिक्वेन्सिंगचा अहवाल मेच्या अखेरीस आला : बी.१.६१७.२, म्हणजे पुढे ज्याला डेल्टा म्हटले तो प्रकार. पहिला नमुना नसल्याने दोन क्रम शेजारी ठेवता आले नाहीत. तरी एक आडवाट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातले, ऑक्टोबर २०२० चे. सरांची पहिली लागण सप्टेंबरची. सप्टेंबरचा विषाणू डेल्टा असण्याची शक्यता जवळपास नाही. १०२ दिवसांची अट, मधली निगेटिव्ह, सीटी १९, एन प्रतिपिंडांची चढण आणि हे कुळ, सगळे मिळून पुनर्संसर्ग ‘बहुतांशी निश्चित’. ‘सिद्ध’ हा शब्द वापरता आला नाही.

आणि मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. शक्ती ओसरली होती, की डेल्टाने चकवले? हे ठरवायला दुसऱ्या लागणीच्या आधीचे सीरम लागते. ते जैवसुरक्षित प्रयोगशाळेत जुन्या विषाणूवर आणि डेल्टावर टाकून कोणाला किती रोखते ते मोजायचे. जुन्यालाही रोखत नसेल तर शक्ती ओसरली. जुन्याला रोखते आणि नव्याला कमी, तर रूप पालटले. सरांचे तसे सीरम कोणाकडेच नव्हते. ७ एप्रिलला लस टोचताना पाच मिलिलिटर रक्त घेतले असते तर ते मिळाले असते.

पत्नीचा नमुना सीटी २७ मुळे पुण्याला गेला नाही. त्यामुळे घरातली साखळीही अनुमानाचीच राहिली.

लस बनवण्याच्या दृष्टीने

एका रुग्णावरून लशीचे मोल ठरत नाही. पण असे रुग्ण कोणते प्रश्न विचारायला लावतात ते पाहण्यासारखे आहे.

मुळात ही घटना अनपेक्षित नव्हती. साध्या सर्दीचे चार कोरोनाविषाणू माणसाला वारंवार होतात. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई हा विषाणू सोडून, वर्षाने पुन्हा सोडला, तेव्हा आधी बाधित झालेल्यांपैकी बरेच जण पुन्हा बाधित झाले. पण सर्दी त्यांना झाली नाही. हा प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. लागण आणि आजार यांतला फरक तिथेच दिसला होता. सर आणि त्यांची पत्नी, एकाच घरात, बहुधा एकाच विषाणूने : एकाला तीन दिवस ताप, दुसरीला ऑक्सिजन. वय जवळपास सारखे. स्त्री-पुरुष फरक धरला तर धोका उलट सरांना जास्त.

म्हणून लशीच्या चाचणीत ‘काय मोजता’ हा पहिला प्रश्न. लागण, लक्षणांचा आजार, की गंभीर आजार? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये किमान ५० टक्के परिणामकारकतेची अट घातली. मोठ्या चाचण्या प्रामुख्याने लक्षणांचा आजार मोजत होत्या, तोही कोविशिल्डच्या मूळ, म्हणजे अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या, लशीत दुसऱ्या डोसानंतर १४ दिवसांनी पुढचा. पहिल्या डोसानंतर दहाव्या दिवशीचा सरांचा ताप त्या हिशोबात आलाच नसता. गावाच्या हिशोबात मात्र तोच पहिला होता.

दुसरा प्रश्न आधी लागण झालेल्यांचा. दक्षिण आफ्रिकेत नोव्हावॅक्सच्या चाचणीत, लस न दिलेल्या गटात, आधीचे प्रतिपिंड असलेले आणि नसलेले जवळपास सारख्याच प्रमाणात आजारी पडले. तिथे तेव्हा बीटा प्रकार पसरला होता. त्याच प्रकारावर अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीची सौम्य-मध्यम आजाराविरुद्ध परिणामकारकता १०.४ टक्के दिसली आणि त्या देशाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचा वापर थांबवला. उलट डेन्मार्कमध्ये २०२० च्या दोन लाटांची तुलना केली, तेव्हा आधीच्या लागणीने ८०.५ टक्के संरक्षण दिले होते, ६५ वर्षांवरील लोकांत मात्र ४७.१ टक्केच. म्हणजे वय आणि विषाणूचा प्रकार, दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. सगळ्यांची एकच सरासरी काढली की दोन्ही दिसेनासे होतात.

तिसरा प्रश्न मोजपट्टीचा. एन प्रतिपिंड पाहून लस घेतलेल्यांत किती जणांना लागण झाली ते मोजायचे, ही रीत स्पाइक-लशींच्या चाचण्यांत रूढ आहे. पण मॉडर्नाच्या चाचणीत आरटीपीसीआरने लागण पक्की झालेल्यांपैकी लस न घेतलेल्या ९३ टक्क्यांत एन प्रतिपिंड उठले, लस घेतलेल्यांत ४० टक्क्यांतच. फक्त रक्तावर विसंबले तर लशीचे काम आहे त्याहून चांगले दिसेल.

चौथा प्रश्न जागेचा. दंडातली लस रक्तात प्रतिपिंड भरपूर तयार करते, नाकाच्या अस्तरात कमी. विषाणू पहिल्यांदा उतरतो तो नाकात. तो तिथे वाढेपर्यंत फुप्फुसाचा पहारा जागा होतो, म्हणून माणूस गंभीर होत नाही, पण दुसऱ्याला देऊ शकतो. या विचारातून भारत बायोटेकची नाकात थेंब टाकायची इन्कोव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली. रूप पालटणाऱ्या विषाणूमागे जायची दुसरी वाट पुण्याच्या जेनोव्हाने घेतली. ओमायक्रॉनसाठी बदललेली आणि २ ते ८ अंशांवर टिकणारी एमआरएनए लस, जून २०२३ मध्ये मान्यता. ग्रामीण भागात हे तापमानच निर्णायक. उणे ७० ची लस आमच्या उपकेंद्राच्या आइस-लाइन्ड फ्रीजमध्ये ठेवता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

सगळे पॉझिटिव्ह नमुने साठवणे अशक्य आहे आणि गरजेचेही नाही. पण सीटी २५ च्या आतल्या नमुन्यांपैकी दर आठवड्याला ठरावीक काही, समजा वीसातला एक, अर्धा मिलिलिटर छोट्या कुपीत काढून उणे ८० ला ठेवता येतो. शंभर कुप्यांचा एक खोका फ्रीजरचा एक कप्पाही भरत नाही. कुपीवर तारीख आणि क्रमांक, खोक्याच्या झाकणावर नकाशा. हा नकाशा नसेल तर दोन वर्षांनी कुपी असूनही सापडत नाही. वीज गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत लागतो हे पावसाळ्याआधी तपासायचे.

लसीकरण सत्रात थोड्या लोकांचे, त्यांच्या लेखी संमतीने, पहिल्या डोसाच्या दिवशी सीरम ठेवणे हे दुसरे. अर्जावर रुग्णाचा स्वतःचा कायमचा नंबर घेणे हे तिसरे. त्याला पैसाही लागत नाही. कुपीवर लशीचे नाव आणि डोसची तारीख पहिल्याच वेळी लिहिणे हे चौथे.

या प्रकरणानंतर त्या प्रयोगशाळेने निवडक नमुने ठेवायला सुरुवात केली. सरांची एप्रिल २०२१ ची कुपी त्या पहिल्या खोक्यात आहे.

जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, सरांचा घसा पुन्हा धरला. मेडिकलमधून आणलेल्या घरगुती किटवर पंधरा मिनिटांत दोन रेघा उमटल्या. दोन दिवसांत बरे वाटले, शाळा ऑनलाइनच होती, त्यामुळे कोणाला कळवायची गरज त्यांना वाटली नाही. सीटी नाही, ट्यूब नाही, रक्त नाही. आशाताई फेब्रुवारीत सहज घरी गेल्या तेव्हा त्यांना हे समजले. त्यांनी किटची पट्टी मागितली, पण ती घंटागाडीत गेली होती.